पंचमीची फेरी

७८६

कोळवण, ता. मुळशी
९ जुलै १९७२

चि. शहनाज हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र गुरुवारच्या एस.टी.ने आलं. अध्यापिका विद्यालयातलं तुझं दुसरं वर्ष सुरू झालं आणि वसतिगृहात खिडकीजवळची कॉट मिळाली, हे तुझ्या अम्माने शेजारी अशा थाटात सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटावं पोरीला पुण्यात बंगलाच मिळाला. इकडे सर्व खुशाल. पाऊस तेवढा रुसलाय. भाताची रोपं पिवळी पडायला लागली, लावण्या खोळंबल्या, आणि जो तो आभाळाकडे बघून मान मोडून घेतोय.

पत्राचं खरं कारण वेगळंच आहे. काल हैबतराव आपल्या बांगड्यांच्या दुकानी स्वतःच्या पायांनी आले. शाळा समितीचे अध्यक्ष, खोऱ्यातली निम्मी खाचरं त्यांची. एरवी ते निरोप धाडतात आणि आपण जातो. यंदा स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होतात. पंधरा ऑगस्टला रौप्यमहोत्सव करायचा, तालुक्याहून साहेब येणार, पौडहून लाउडस्पीकर येणार, आणि इलाहीभाईंच्या गाण्याशिवाय झेंडा चढणार नाही, असं त्यांनी सर्वांदेखत सांगितलं. तू त्या गाण्यावरच बोलायला शिकलीस, तरी बापाची एवढीच काय ती वाङ्मयीन इस्टेट म्हणून पुन्हा लिहितो:

उजाडले माझ्या देशी,
गेली रात परक्याची;
आता एका आडावर
ओंजळ ही सगळ्यांची.

हात हाती धरताना
कोणी जात ना विचारी;
राजा नाही, रंक नाही,
सारे उभे एका दारी.

सत्तेचाळीस साली बांगड्यांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर हे लिहिलं, तेव्हा माझी मिसरूड काळी होती. त्या वर्षापासून दर झेंड्याला वाचतो आणि दर झेंड्याला टाळ्या घेतो. धरणाच्या विजेच्या तारा डोक्यावरून मुंबईला जातात, आपण खाली कंदील पुसतो, पण गाणं म्हणताना हे कुणाच्या मनात येत नाही, माझ्याही नाही. आता हैबतरावांचं म्हणणं, रौप्यमहोत्सव आहे, तेव्हा एक कडवं नवं हवं. माझी लेखणी गंजली. तू कॉलेजच्या हस्तलिखितात कविता देतेस म्हणे. तर बापाला चार ओळी पाठव. आठ-आठ अक्षरं सांभाळ, चाल मोडता कामा नये. पाठ करायला मला वेळ लागतो, म्हणून उशीर करू नकोस.

लोभ आहेच, तो कडव्यासह पोस्टाने यावा.
तुझा अब्बा,
इलाही


पुणे
१७ जुलै १९७२

ती. अब्बांना,
शहनाजचा सलाम. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी फुगले आणि मग घाबरले. आजवर तुम्ही माझ्या शुद्धलेखनाचे कान धरले, आज माझ्याकडे कडवं मागता. दोन दिवस नुसती बोटं मोजत बसले. पहिल्यांदा शाळेची नवी खोली, रस्ता, सुधारित बियाणं असं सगळं ओळींत बसवलं. वाचून बघितलं तर ग्रामपंचायतीचा अहवाल झाला होता. फाडून टाकला.

मग मनात एकच गोष्ट येत राहिली, ती तुम्हाला लिहिते. रागावू नका. मी लहान असताना नागपंचमीच्या आधीच्या फेरीला धाकटी पेटी डोक्यावर घेऊन तुमच्या मागून यायचे. आपण आधी वरच्या आळीत जायचो. धोंडाबाईंच्या ओट्यावर तुम्ही बांगड्यांच्या माळांची सुतळी सोडायचात. हैबतरावांच्या घरची मालकीण म्हणून पहिला हात त्यांचा, मग त्यांच्या जावांचा, मग शेजारणींचा. मोरपंखी आणि राजवर्खी तिथेच संपायच्या. चहा यायचा तो कोनाड्यातल्या कानतुटक्या कपातून, आणि तो कप तुम्हीच विसळून परत ठेवायचात. मग मधली आळी. आणि दिवस कलल्यावर सगळ्यांत शेवटी खालच्या आळीतल्या बौद्ध मंडळींकडे. तोवर पेटीत कुणाला नको असलेलं तेवढं उरलेलं असायचं. सारजाबाईंच्या नव्या सुनेने एकदा मोरपंखी मागितल्या, तेव्हा तुम्ही पुढच्या वर्षी देतो म्हणालात. पुढच्याही वर्षी त्या वरच संपल्या.

परत येताना मी विचारलं होतं की एखाद्या वर्षी इथे आधी का येत नाही. तुम्ही म्हणालात, वाटच तशी आहे. पण अब्बा, वाट तशी नाही. आपल्या दारातून निघालं की पहिली लागते ती खालचीच आळी. आपण तिच्यावरून पुढे जायचो.

कडवं असं झालंय:

पंचवीस वर्षे झाली,
सूर्य वेशीशी थांबला;
खालच्या आळीचा हात
शेवटालाच राहिला.

वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मला दुसरं सुचलं नाही, आणि सुचल्यासारखं करून तुम्हाला काहीतरी पाठवायला मन होईना. अम्माला सांगा, खिडकीतून फक्त धोब्याचं दुकान दिसतं.

तुमच्या लोभाची गरज आज नेहमीपेक्षा जास्त आहे.
तुमची,
शहनाज


कोळवण
२४ जुलै १९७२

चि. शहनाज हिस,
आशीर्वाद. वि. वि.

मागितल्या ओळी, मिळाली शिकवणी. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला?

मनेराचा, बांगड्या भरायचा धंदा तुला मी शिकवायला नको. परक्या बाईने परक्या पुरुषाच्या हातात हात द्यायचा, तोही सासूसमोर. त्या हातावर भरवसा लागतो. वरच्या आळीचा तो भरवसा माझ्या बापाने कमावला आणि मी राखला. धोंडाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांचा पहिला हिरवा चुडा मी भरला, आजवर त्यांच्या मनगटावर एक ओरखडा उठू दिला नाही. खालच्या आळीत हात भरून मग वर गेलो तर एक दार उघडणार नाही. त्यांच्या लेखी माझा हातच बाटला. मग आम्ही काय खायचं, आठ-आठ अक्षरं? तू पुण्यात राहून लिहितेस. मला इथे पाण्यात राहून माशांशी वैर करायचंय. आणि मी त्या आळीत शेवटी का होईना जातो. दुसरा एखादा फिरकलाही नसता.

कानतुटक्या कपाचं तू लिहायला नको होतंस. ते माझं मी बघतो.

कडवं मी वाचणार नाही. वृत्त मात्र बरोबर आहे, एक अक्षर इकडेतिकडे झालेलं नाही.

तुझ्या अम्माला पत्र वाचून दाखवलं. तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहितो, नाहीतर म्हणेल मी मधलं गाळलं: शहनाज, बापाला लई टोचून लिवू नगं. त्यो दोन दिस धड जेवला न्हाई. पन तू लिवलंयस ते खोटं न्हाई. मोरपंखीचं मला बी ठावं हाय, ती पोर रडली व्हती. आन् डोईला तेल लावत जा, पुन्याचं पानी केसाला बाधतंय.

लोभ आहे. सध्या जरा घुश्शात आहे, एवढंच.
इलाही


पुणे
२८ जुलै १९७२

ती. अब्बांना,
सलाम. वि. वि.

कार्डावर जागा कमी आहे, म्हणून थोडक्यात. कपाचं लिहिलं त्याबद्दल माफी मागते. बाकीच्याबद्दल मागता येत नाही. नीट जेवा. तेल लावते आहे असं अम्माला कळवा.

राग असला तरी पत्र टाका. पत्र नसलं की मला करमत नाही.
शहनाज


कोळवण
८ ऑगस्ट १९७२

चि. शहनाज हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

आता सांगतो ते तुझ्या कडव्यामुळे झालं असं समजून फुशारू नकोस.

गेल्या आठवड्यात दुकानात गाणं घोकत बसलो होतो. सारजाबाई एस.टी.ची वाट बघत समोर उभी होती. पुरं ऐकून घेतलं आणि म्हणाली की लई गोड गानं हाय, पन हे कोन्च्या गावचं? टोमणा नव्हता. तिने सरळ मनाने विचारलं. मला आधी कळेचना की पंचवीस वर्षं झेंड्याला येणाऱ्या बाईला हे गाणं ठाऊक कसं नाही. मग ध्यानात आलं. ती मंडळी शाळेच्या कुंपणाबाहेर उभी असतात, तिथवर माझा आवाज कधी पोचलाच नव्हता. मी तिला सांगितलं की हे आपल्याच गावचं आहे. ती हसली आणि बसमध्ये चढली.

परवा पंचमीची फेरी काढली. पुण्याहून नवा माल आला होता, सुतळीही सुटलेली नव्हती. दारातून निघालो आणि पहिल्या आळीतच वळलो. सारजाबाईच्या ओट्यावर पेटी टेकवली तर तिने आधी विचारलं की वर कुणाचं सुतक हाय का. मी नाही म्हणालो. मग ती म्हणाली की भाऊ, वाट चुकलात तुमी. पेटी उघडली तशी ती घाबरली. ती हैबतरावांच्या खाचरात लावणीला जाते. पंचमीची पहिली बांगडी तिच्या हातात दिसली तर कामाचं बोलावणं बंद होईल, हे तिने मला लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. शहनाज, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तुझ्याही आलं नसणार. मी पेटी मिटायला लागलो, तेवढ्यात तिची सून आतून आली आणि तिने हात पुढे केला. मोरपंखी भरल्या. मग सारजाबाईने सुनेकडे रागाने बघत आपलाही हात दिला.

तिथून वर गेलो. बातमी माझ्या आधी पोचली होती. धोंडाबाई ओट्यावर चारचौघींत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी हात पदराखाली घेतला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या की इलाहीभाई, घरी जा, अंघोळ करा, कपडे बदला आणि उद्या या. आम्ही यातलं काही ऐकलंच नाही असं समजू, असंही म्हणाल्या. ज्या मनगटाचं माप मला डोळे मिटून ठाऊक आहे, ते पदराआड होतं. त्या दिवशी वर एकही बांगडी भरली नाही.

संध्याकाळी हैबतराव आले. आवाज चढवला नाही, उलट पान पुढे केलं. त्यांना मी तुझं कडवं दाखवलं. वाटलं भडकतील. तर त्यांना आवडलं. म्हणाले, पोरीचा हात चांगला आहे, वाचा खुशाल, साहेबांनाही नवे विचार आवडतात. गाण्याला त्यांची ना नाही. फेरी तेवढी रीतीप्रमाणे झाली पाहिजे. पंचमीपर्यंत विचार करा म्हणाले. जाताना सहज सांगितलं की लावणीला यंदा सारजाबाईच्या घरचं कुणी लागणार नाही.

तुझी अम्मा काही बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तुझा बाप या वयात काय करून बसला, ते तूच सांग.

लोभ असावा. तो आत्ता खरोखरच असावा.
इलाही


पुणे
११ ऑगस्ट १९७२

ती. अब्बांना,
सलाम. वि. वि.

पत्र मिळाल्यापासून माझं कशात लक्ष नाही. अब्बा, अंघोळ करा आणि वर जा. हे लिहिताना माझीच मला लाज वाटते, तरी लिहिते. मी धोब्याच्या दुकानाकडे बघत चार ओळी लिहिल्या आणि काम सुटलं सारजाबाईंचं. इथे ते कडवं बाईंनी वर्गात वाचून दाखवलं, मुलींनी वाखाणलं, वार्षिकात छापायचं ठरलं. मला कुणी काही बोललं नाही, कुणी माझ्या दारातून परत गेलं नाही. तुमच्या आयुष्याची भाकरी त्या आळीत आहे. तुम्ही सांगायचात की वरची आळी रुसली तर गावात मनेर राहत नाही.

तेव्हा मी तुम्हाला दोष दिला होता. आज मीच म्हणते की वाट तशीच असू द्या. धोंडाबाईंनी दार अर्धं उघडं ठेवलंय, तेवढ्यातून परत या. सारजाबाईंचं कामही त्यानेच परत मिळेल. आणि पंधरा ऑगस्टला माझं कडवं वाचू नका. ज्याला हैबतरावांची ना नाही, ते वाचून काय होणार?

मला झेंड्याला इथेच हजर राहावं लागतं, सुटी नाही. नाहीतर कालच निघाले असते. अम्माला म्हणावं, गप्प राहू नको, अब्बांना दोन शब्द लिहायला सांग.

माझ्या शहाणपणावर रागवा, पण लोभ कमी करू नका.
तुमची,
शहनाज


कोळवण
२० ऑगस्ट १९७२

चि. शहनाज हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पंचमीच्या आदल्या दिवशी मिळालं. अंघोळ मी रोज करतो, त्याची काळजी नसावी. त्या कारणासाठी मात्र केली नाही, आणि वर गेलो नाही. पंचमीला वरच्या आळीच्या बायका जुन्याच बांगड्यांनी वारुळाला गेल्या. हैबतरावांना माझं उत्तर तिथेच समजलं.

तुला वाटेल, कुठून एवढी हिंमत आली. हिंमत नाही ग. सारजाबाईच्या सुनेने हात पुढे केला तेव्हा तिला सगळं माहीत होतं, सासू तिच्यासमोरच सांगत होती. आता मी परत जाऊन म्हणायचं की तो हात धरला ही चूक झाली? ते मला तोंडातून काढता येईना. तुझ्या पत्राखातर दोन वेळा धोतर बदलून दारापर्यंत गेलो, खरं सांगतो. अम्माने दारातच विचारलं की कुटं निगालात. मी आत येऊन बसलो.

झेंड्याला माझं नाव यादीतून काढलं नव्हतं. हैबतराव तसे दिलदार आहेत, आणि कार्यक्रम आधीच छापून झाला होता. लाउडस्पीकरवरून माझं नाव गावभर घुमलं. मी टोपी घालून व्यासपीठावर गेलो. कुंपणाबाहेर खालची आळी उभी होती, यंदा आवाज तिथवर पोचणार होता. मी म्हणालो की मूल जन्माला यायच्या आधी कुणी बारसं करत नाही. मी या गाण्याने पंचवीस वेळा केलं. गाणं ज्या दिवसाचं आहे तो दिवस आला की मी जिवंत असलो तर म्हणेन, नसलो तर माझी लेक म्हणेल. एवढं बोलून उतरलो. टाळ्या झाल्या, दरवर्षी होतात तशाच. साहेबांनीही वाजवल्या. मी गाणं म्हटलंच नाही हे बऱ्याच जणांच्या लक्षातही आलं नसावं. कुंपणाबाहेर मात्र कुणी टाळी वाजवली नाही.

अठरा तारखेला हैबतरावांच्या सुनेची ओटी भरायची होती. सातवा महिना, हिरवा चुडा लागतो. या खोऱ्यात चुडा भरणारा मी एकटा. मला वाटलं, आता बोलावतील. नवा हिरवा माल पुसून ठेवला. सकाळी जीप दुकानावरून गेली. धोंडाबाई आणि अवघडलेली सून मागे बसल्या होत्या. पौडला निघाल्या होत्या, चुडा भरायला. आपला रस्ता तुला ठाऊक आहे, धडधाकट माणसाची हाडं खिळखिळी होतात. सातव्या महिन्याच्या पोरीला त्या खड्ड्यांतून नेलं, पण तिचा हात माझ्या हातात दिला नाही. धोंडाबाईंनी मान वळवली. सून मागे बघत राहिली. शहनाज, मला त्या दिवशी रडू आलं. धंदा गेला म्हणून नाही. त्या पोरीला काही झालं असतं तर, या भीतीने आलं. पोचल्या सुखरूप, आणि परतही आल्या.

पाऊस लागला आहे. उशिरा आला आणि सगळ्यांची लावणी एकदमच निघाली. माणसं कमी पडायला लागली तेव्हा हैबतरावांच्या गड्याने सारजाबाईला निरोप दिला. भाताच्या रोपाला बांगडी कुणी आधी भरली हे कळत नाही. काम सुरू झाल्याचं सांगायला ती चिखलाच्या पायांनीच दुकानी आली. मी म्हटलं की आता दर फेरीला पहिला मान तुझा. तर ती रागावली. म्हणाली की पहिली बी नगं आन् शेवटची बी नगं, वाटेवर घर लागंल तवा या. आणि पहिला मान द्यायचा असंल तर आमच्या दारी येऊच नगा, असंही म्हणाली.

आता पुढचं. सोमवारी पौडच्या बाजारात जमिनीवर पथारी टाकून बसायचं ठरवलंय. अम्मा बरोबर येते म्हणते. बाजारात कुणी कुणाला ओळखत नाही, तेव्हा हात देतील. तुझी कॉट सोडून येण्याचा विचार मनातही आणू नकोस, परीक्षा नीट दे. कडवं छापून येतंय ते येऊ दे. त्याखाली तुझं नाव पुरं घाल, गावासकट.

काल फेरीला निघालो. पहिली खालची आळी लागली. तिघी-चौघींनी भरल्या, बाकीच्या नको म्हणाल्या. मग मधल्या आळीत एका म्हातारीने हात दिला. मग वर गेलो. प्रत्येक दारात हाक दिली, नेहमी देतो तशी. धोंडाबाईंच्या दारातही दिली. आतून बांगड्या किणकिणल्या, म्हणजे त्या दाराच्या मागेच उभ्या होत्या. कडी वाजली नाही. मी नेहमीइतकाच थांबलो, पेटी उचलली आणि पुढच्या दारात हाक दिली.

येत्या शनिवारी पुन्हा जाणार आहे. तू म्हणतेस तसा लोभ कमी केलेला नाही, तुझाही करू नकोस.
तुझा अब्बा,
इलाही